काख कोरडी झाली का?

फवारणीची विषबाधा झालेला माणूस अतिदक्षता विभागात आला की सिस्टर आधी त्याचे कपडे उतरवतात आणि अंग साबणाने धुतात. कपड्यांतलं विष कातडीतून आत जातच राहतं. तोवर डॉक्टर डोळे पाहतात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर, घामाने चादर ओली. कपाशी डोक्यावर गेली की यवतमाळ जिल्ह्यात हे नवं नसतं. 2017 मध्ये इथल्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असे शेकडो लोक आले आणि जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या विषावर मुख्य औषध ॲट्रोपिन. अँप्युल 0.6 मिलिग्रॅमची. आधी तीन, पाच मिनिटांनी सहा, मग बारा. ट्रेमध्ये फोडलेल्या काचेचा ढीग साचतो. दर वेळी छातीला स्टेथोस्कोप लागतो आणि काखेत हात जातो. छाती स्वच्छ, काख कोरडी, नाडी 80 च्या वर, वरचा रक्तदाबही 80 च्या वर. हे साधलं की पंपावर संथ धार सुरू. बाहुल्या उशिरा मोठ्या होतात, त्यांच्यासाठी थांबायचं नाही. धार जास्त झाली तर ताप चढतो, पेशंट चादर ओढत बरळू लागतो आणि दारातून विचारणा होते, "काहून असा बडबडून राह्यला जी हा?"

दुप्पट करत जाण्याची ही रीत कागदावरही तपासली गेली आहे. बांगलादेशातल्या चितगावच्या अभ्यासात (2012) जुन्या ठोक पद्धतीने 22.5 टक्के रुग्ण दगावले, या पद्धतीने 8 टक्के.

दुसरं औषध प्रॅलिडॉक्सिम, वॉर्डातलं 'पाम'. त्यावर मात्र एकमत नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी 200 रुग्णांवर केलेली चाचणी 2006 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. सलग धारेने दिलेल्या शंभरांत एक मृत्यू, चार-चार तासांनी दिलेल्या शंभरांत आठ. लहान गावातून एवढं काटेकोर काम व्हावं, याचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालं नाही. पुढे 2009 मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत पामचा फायदाच दिसला नाही. आता कोणाचं ऐकायचं? माझ्या मते, दोन्हीकडचे रुग्ण बहुतांशी विष प्यालेले होते. आमचा माणूस ते दिवसचे दिवस कातडीतून आणि श्वासातून घेतो, तेही दोन-तीन औषधं एकत्र कालवून. त्याच्यावर नेमका अभ्यास फार थोडा आहे, आणि तो इथेच व्हायला हवा.

पेशंट शुद्धीवर आला, चहा मागू लागला, की नातेवाईक सुट्टीची घाई करतात. पण पहिल्या दिवसानंतर चौथ्या दिवसापर्यंत एक धोका असतो. "दादा, मान उचला बरं." डोकं उशीवरून सुटलं नाही, तर श्वासाचे स्नायूही थकत आलेत असं समजायचं आणि व्हेंटिलेटर जवळ घ्यायचा. डोळ्यांत ओळख असलेल्या माणसाच्या घशात नळी घालायची म्हटल्यावर घरचे बिथरतात. समजावण्यात अर्धा तास जातो, आणि तेवढा वेळ कधी कधी नसतो.

एक गोष्ट गावाने करावी. फवारणीनंतर कोणी घेरी येऊन पडला तर शेतावरच कपडे बदलवा, अंग धुवा आणि पंपात जे जे टाकलं त्या सगळ्या बाटल्या सोबत आणा. 2017 मधल्या फवारण्यांत डायफेन्थियुरॉनही होतं. त्यावर उतारा नाही, आणि ॲट्रोपिन त्यावरचं औषधही नव्हे.