मोटारीचे डोळे

निसर्गाने मनुष्याला डोळे दिले आणि त्या डोळ्यांची निगा राखण्याची व्यवस्थाही त्यांच्यापाशीच करून ठेवली. डोळ्यावर पाण्याचा एक अतिशय पातळ थर सदैव पसरलेला असतो. पापणी मिनिटाला कितीतरी वेळा नकळत मिटते, उघडते आणि तो थर सारखा करते. डोळ्यात धुळीचा कण गेला, की आधी पाणी येते आणि मग पापणी तो कण हलकेच कडेला नेते. पाण्यावाचून पापणी कोरडी फिरली असती, तर त्याच कणाने डोळ्याला इजा केली असती.

मोटारगाडीलाही डोळे असतात. चालक ज्या पुढच्या काचेतून रस्ता पाहतो ती काच, आणि रात्री तो रस्ता उजळणारे दोन दिवे, हेच तिचे डोळे होत. त्यांच्यावर धूळ बसते, चिखल उडतो, किडे आपटून चिकटतात. ते स्वच्छ ठेवण्यासाठी मनुष्याने जी योजना केली, ती डोळ्याच्या पापणीशी आणि अश्रूंशी आश्चर्य वाटावे इतकी जुळते. परंतु निसर्गाची योजना आपोआप चालते, माणसाची मात्र काळजी घेतली तरच चालते. तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर त्याची किंमत कित्येकदा प्राणांनी मोजावी लागते.

पहिल्या मोटारींना ही सोय मुळीच नव्हती. पाऊस किंवा बर्फ पडू लागला, की चालक काच उघडून बाहेर डोकावत असे किंवा खाली उतरून हाताने काच पुसत असे. या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभी, हिवाळ्याच्या दिवसांत, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन नावाची महिला न्यूयॉर्क शहरी गेली होती. तेथे ट्रामगाडीतून जात असता तिने पाहिले, की काचेवरील बर्फामुळे ट्रामच्या चालकाला पुढचे काही दिसत नाही. समोरची काच उघडावी, तर बोचरा वारा आत येऊन उतारूंना हुडहुडी भरते. घरी परतल्यावर तिने एक साधन योजिले. गाडीच्या आत एक दांडा; तो हलविला, की बाहेर रबराची पट्टी बसविलेला एक हात काचेवरून फिरे. १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिला या साधनाचे पेटंट मिळाले. त्यात व्यापाराच्या दृष्टीने काही अर्थ नाही, असे सांगून कॅनडातील एका संस्थेने ते विकत घेण्याचे नाकारले. १९२० साली पेटंटची मुदत संपली आणि तिला त्यापासून कसलाही लाभ झाला नाही. आज मात्र तिच्या कल्पनेवाचून एकही मोटार रस्त्यावर येत नाही. भारतातही १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पुढची काच असलेल्या मोटारींना वायपर आवश्यक ठरविला आहे.

आरंभीचे वायपर हाताने फिरवावे लागत. नंतर पुष्कळ गाड्यांत ते इंजिनातील हवेच्या ओढीने फिरू लागले. त्यात एक मोठी उणीव होती. गाडी चढ चढू लागली आणि इंजिनावर भार पडला, की ही ओढ कमी होई आणि वायपर मंदावे. म्हणजे भर पावसात घाट चढताना, जेव्हा त्याची सर्वांत अधिक गरज, तेव्हाच तो दगा देई. विजेची मोटर आल्यावर ही अडचण दूर झाली. पुढे रॉबर्ट कर्न्स या अमेरिकन अभियंत्याने १९६० नंतरच्या दशकात थांबून थांबून फिरणारा वायपर तयार केला. रिमझिम पावसात वायपर सतत फिरण्याऐवजी पापणीप्रमाणे मधूनमधून का फिरू नये, या विचारातून ते साधन जन्माला आले.

पण वायपर ही केवळ पापणी झाली, अश्रूंचे काय? पाऊस नसताना काचेवर धूळ असेल आणि चालकाने कोरडाच वायपर फिरविला, तर काय घडते हे पाहण्याजोगे आहे. रस्त्यावरील धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ही वाळू मुख्यतः गारेची, म्हणजे क्वार्ट्‌झची असते आणि क्वार्ट्‌झ काचेपेक्षा कठीण असते. रबराच्या पट्टीखाली सापडलेला असा कण काचेवर बारीक चरा ओढतो. असे शेकडो चरे पडले, की दिवसा ते जाणवत नाहीत. परंतु सूर्य मावळतीला असताना किंवा रात्री समोरून गाडी येताना त्या प्रत्येक चऱ्यावर प्रकाश विखुरतो आणि सारी काच पांढरी होऊन जाते. म्हणून आधी पाणी आणि मग वायपर, हा नियम कधीही मोडू नये.

हे पाणी देणारी व्यवस्था अगदी साधी आहे. बॉनेटखाली प्लॅस्टिकची एक टाकी असते. तिच्यात साधारणपणे दोन ते पाच लिटर पाणी मावते. टाकीला विजेवर चालणारा एक चिमुकला पंप जोडलेला असतो. चालकाने सुकाणूजवळचा दांडा ओढला, की पंप फिरू लागतो. पाणी रबरी नळीतून वर चढते आणि बारीक छिद्रांच्या तोट्यांतून काचेवर उडते. त्याच वेळी वायपर दोन-तीन फेऱ्या घालतो. टाकीच्या झाकणावर बहुधा काच आणि कारंजे यांचे चित्र असते. बॉनेटखाली इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकीही असते. तिचे झाकण इंजिन तापलेले असताना उघडल्यास उकळते पाणी अंगावर उसळते. यास्तव चित्र पाहूनच झाकण उघडावे आणि मुलांनी हे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीवाचून करू नये.

टाकीत कोणते पाणी घालावे, याचाही विचार करावा लागतो. विहिरीच्या आणि कूपनलिकेच्या पाण्यात पुष्कळदा क्षार असतात. असे पाणी वाळले, की घरातील तांब्या-पितळेच्या भांड्यांवर जसे पांढरे डाग उरतात, तसाच थर तोट्यांच्या छिद्रांत जमतो आणि ती बुजून जातात. म्हणून बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, निदान गाळलेले कमी क्षारांचे पाणी वापरणे इष्ट. धुण्याच्या साबणाचा फेस काचेवर पट्टे उमटवितो. त्याऐवजी काचेसाठीच तयार केलेला द्रव योग्य प्रमाणात मिसळावा. त्याने किड्यांचे डाग आणि तेलकटपणा निघतो. साधे पाणी टाकीत महिनोन्‌महिने साचू देणेही बरे नव्हे. अशा कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात आणि फवाऱ्याच्या तुषारांबरोबर ते श्वासात जाऊ शकतात, असे इंग्लंडमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसून आले.

थंड देशांत आणखी एक संकट असते. पाणी गोठले, की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे टाकीला, नळीला किंवा पंपाला तडा जाऊ शकतो. काश्मीर, लडाख व हिमाचल प्रदेशातील चालकांनाही हा अनुभव येतो. त्यावर उपाय म्हणून पाण्यात अल्कोहोलयुक्त, न गोठणारा द्रव मिसळतात. यांपैकी काही द्रवांत मिथेनॉल असते. त्यांचा निळा वा गुलाबी रंग सरबतासारखा मोहक दिसतो. पण मिथेनॉल हे भयंकर विष आहे. त्याने दृष्टी जाते, प्राणही जातात. म्हणून अशी बाटली पाण्याच्या बाटल्यांजवळ ठेवू नये आणि तिच्यावरील नावाची चिठ्ठी काढू नये.

वायपरच्या रबराचे आयुष्य फार नसते. त्याची धार काचेवर किंचित कलून चालते आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी उलट बाजूला वळते. ऊन्हाने रबर कडक झाले, की त्याला असे वळता येत नाही. मग ते काचेवर थडथडत चालते, कर्कश आवाज करते आणि मागे पाण्याचे पट्टे सोडते. महाराष्ट्रात वायपरला आठ महिने जवळजवळ काम नसते. तो फक्त उन्हात तापत असतो. मृगाची पहिली सर कोसळते आणि चालक दांडा ओढतो, तेव्हा चिरलेले रबर चिखल पुसण्याऐवजी सारवून ठेवते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीसच रबर तपासावे, ओल्या फडक्याने पुसावे आणि आवश्यक तर बदलावे. तोटीचे छिद्र बुजले असेल, तर ते बारीक टाचणीने हलक्या हाताने मोकळे करावे. टाकी रिकामी असताना पंप चालविल्यास तो बिघडतो, हेही ध्यानात ठेवावे.

आता दिव्यांकडे वळू. काच मळली, तर ती चालकाच्या डोळ्यांसमोरच असल्यामुळे लगेच समजते. दिवे मळले, तर गाडीत बसून ते कळत नाही. प्रकाश थोडाथोडा कमी होतो आणि डोळे त्या अंधाराला सरावतात. याचा पडताळा घरीच घेता येईल. बॅटरीच्या काचेवर थोडी ओली माती पातळ सारवावी, ती वाळू द्यावी आणि अंधाऱ्या खोलीत तिचा झोत भिंतीवर पाडावा. प्रकाश मंदावलेला दिसेलच; पण त्याबरोबर झोताची कड पुसट होऊन उजेड इकडेतिकडे पसरल्याचेही दिसेल. मोटारीच्या दिव्याचे असेच होते. त्याचा प्रकाश दूरच्या रस्त्यावर पोहोचत नाही, आणि जो विखुरतो तो समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवितो. एका गाडीच्या मळलेल्या दिव्यांनी अशा रीतीने दोन चालक आंधळे होतात.

कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत ऊस तोडणीच्या हंगामात रात्री रस्त्यांवरून उसाने भरलेल्या बैलगाड्या कारखान्याकडे जात असतात. त्यांना मागे दिवा असतोच असे नाही. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २० मीटर अंतर काटते. चालकाला गाडी दिसावी, पाय ब्रेकवर जावा आणि मोटार थांबावी, एवढ्यात कितीतरी मीटर मागे पडतात. बैलगाडी दोन सेकंद उशिरा दिसली, तर ४० मीटर हातचे गेले. दिव्यावरील वाळलेल्या चिखलाचा थर तेवढा उशीर सहज करू शकतो आणि मग त्या गाडीवानाचा, बैलांचा व मोटारीतील माणसांचा जीव धोक्यात येतो.

हिमाच्या चिखलाने दिवे झाकले जातात, हे जाणून स्वीडनमधील साब या कारखान्याने १९७० च्या सुमारास दिव्यांनाही पाणी आणि लहान वायपर बसविले. पुढे दिव्यांच्या काचा जाऊन तेथे पॉलिकार्बोनेट नावाचे पारदर्शक प्लॅस्टिक आले. त्यावर वायपरने चरे पडतात, म्हणून वायपर काढून पाण्याचे जोरदार फवारे आले. दिवे लागलेले असताना चालकाने काच धुतली, की पुष्कळ गाड्यांत हे फवारे आपोआप उडतात. युरोपात अतिशय प्रखर दिव्यांना अशी सोय असणे आवश्यक मानले गेले आहे. भारतातील बहुतेक मोटारींना मात्र ती नसते. येथे दिवे धुण्याचे काम माणसाच्या हातानेच व्हावे लागते. त्यासाठी भरपूर पाणी आणि मऊ ओले फडके पुरेसे आहे. कोरड्या फडक्याने घासल्यास प्लॅस्टिकवर चरे पडतात व ते लवकर धुरकट होते.

साधन चांगले असले, तरी ते वापरण्याची वेळ ओळखता आली पाहिजे. काचेवर पाणी उडाल्यावर वायपर फिरेपर्यंत क्षणभर काहीच दिसत नाही. म्हणून वळणावर, समोरून गाडी येत असताना किंवा सूर्य थेट डोळ्यांवर असताना फवारा सोडू नये. रस्ता सरळ आणि मोकळा पाहून, वेग कमी करून मगच सोडावा. पावसात मोठा ट्रक समोरून जाणार असे दिसले, की त्याचा चिखल उडण्यापूर्वीच वायपर सुरू करावा. कडाक्याच्या थंडीत गार काचेवर पाणी टाकले, तर ते तेथेच गोठते. म्हणून आधी काच आतून गरम हवेने उबदार करावी. आणखी एक गोष्ट सौजन्याची आहे. वेगाने धावणाऱ्या गाडीचा फवारा वाऱ्याबरोबर मागे उडतो आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्याच्या वा स्कूटरवाल्याच्या तोंडावर पडतो. आरशात पाहून मगच दांडा ओढणारा चालक हा खरा जाणता चालक होय.

आपल्याकडे ट्रकवरील मदतनिसाला क्लीनर म्हणतात. पहाटे धाब्यापाशी गाडी उभी राहिली, की बादलीभर पाणी आणि फडके घेऊन काच आणि दिवे पुसणारा हा मुलगा पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच्या कामाला पाच मिनिटे लागतात आणि त्याकडे कोणी विशेष लक्षही देत नाही. परंतु पुढे घाटात धुके उतरते, रस्ता वळतो आणि वळणापलीकडे रस्त्याच्या कडेने शाळेला निघालेली मुले चालत असतात, तेव्हा ती मुले चालकाला वेळेवर दिसतात, याचे श्रेय त्या पाच मिनिटांनाच असते.