शंभर मिलिग्रॅमचा हिशेब

कापड रंगवणाऱ्या कारखान्यातून बाहेर पडणारे पाणी डोळ्यांत भरते ते त्याच्या रंगामुळे. आणि नदीकाठच्या गावकऱ्यांची तक्रार काय, अमलदाराचा पंचनामा काय किंवा वर्तमानपत्रातील बातमी काय, या साऱ्यांचा रोख बहुधा त्या तांबड्या-निळ्या छटेवरच असतो. तथापि तो रंग निघून गेल्यावरही, किंबहुना पाणी काचेच्या पेल्यात नितळ दिसू लागल्यावरही, त्यात पॉलिएस्टरचे जे तुटके तंतू शिल्लक राहतात, त्यांची दखल घेण्याचा शिरस्ता आपल्याकडे अद्याप पडलेला नाही.

पाच मिलिमीटरांहून लहान अशा प्लास्टिकच्या कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. प्लिमथ विद्यापीठातील रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या किनाऱ्यांवरील वाळूत व समुद्रतळाच्या गाळात सापडलेल्या अशा कणांविषयी २००४ साली निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. कापडाच्या धंद्यात या कणांचा उगम शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. पॉलिएस्टर सहजासहजी रंग धरत नाही, म्हणून ते बंद जेट यंत्रात दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअस तापलेल्या पाण्यात घालतात. तेथे कापडाचा लांबच लांब दोर त्या पाण्याच्या झोताबरोबर वेगाने फिरत राहतो, यंत्राच्या अंगाशी व स्वतःशीच घासतो, आणि सूत कातताना व विणताना जी टोके अर्धवट सुटलेली असतात ती या घासण्याने मोडून पाण्यात उतरतात. पुढे रंगाचा जादा अंश काढण्यासाठी जितक्या धुलाया होतात, तितक्या वेळा हेच घडते.

या प्रकाराचे मोजमाप चीनमधील एका संशोधक गटाने २०१८ साली प्रसिद्ध केले. रंगकामाचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या, दिवसाला ३०,००० टन क्षमतेच्या एका केंद्रात शिरणाऱ्या पाण्यात लिटरमागे सरासरी ३३४ तंतू होते आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यात १६. शेकडा पंच्याण्णव तंतू अडले, म्हणजे केंद्राने आपले काम चोख बजावले, असेच कोणीही म्हणेल. परंतु लिटरमागच्या त्या क्षुल्लक सोळांना तीस हजार टनांनी गुणले की एकाच केंद्रातून दररोज सुमारे ४८ कोटी तंतू बाहेर पडतात, असा हिशेब निघतो. टक्केवारी ही मोठी समाधान देणारी वस्तू आहे, आणि म्हणूनच ती वाचताना जरा सावध असावे.

याहून चमत्कारिक गोष्ट कायद्याच्या वहीत आढळते. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यात तरंगत्या घन पदार्थांचे प्रमाण लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत असू शकते. आता अर्धा मिलिमीटर लांब व १५ मायक्रॉन जाडीचा एक पॉलिएस्टरचा तंतू घ्यावा. त्याचे वजन मिलिग्रॅमच्या सुमारे आठ हजाराव्या भागाइतके भरते. अर्थात कायद्याने घातलेली ती मर्यादा केवळ तंतूंनी गाठावयाची म्हटले, तर एका लिटरात असे सुमारे आठ लाख तंतू असावे लागतील! चीनमधील त्या केंद्रात शिरणारे पाणी मुळीच शुद्ध न करता सोडले असते, तरी या वजनाच्या तराजूत त्या तंतूंनी काटा हलवला नसता. नियम करणाऱ्यांचा यात दोष नाही. माती, मळी व राख यांसाठी बांधलेले ते माप आहे.

तंतू अडवण्याच्या उपायांत सर्वांत जुना उपाय आपल्या घराघरांत ठाऊक होता. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची जी रीत, तीच सीईटीपीतल्या, म्हणजे सामायिक सांडपाणी केंद्रातल्या, मोठ्या हौदात चालते. पाण्यातील बारीक कणांच्या पृष्ठभागावर बहुधा ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांस दूर लोटतात आणि तळाशी बसत नाहीत; तुरटीतील किंवा पीएसीतील, म्हणजे पॉलिॲल्युमिनियम क्लोराइडमधील, ॲल्युमिनियम हा भार मोडून काढते, आणि त्याचा जो चिकट साका तयार होतो त्यात कण गुंतत जातात. याची मात्रा ठरवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. प्रयोगशाळेत सहा काचपात्रे ओळीने मांडून प्रत्येकात एकच पाणी, पण तुरटी कमी-अधिक घालतात; वरून सोडलेल्या सहा पात्यांनी प्रथम मिनिटभर जोराने आणि नंतर बराच वेळ अगदी संथ ढवळतात. पाती थांबली की एखाद्या पात्रात काही होत नाही, एखाद्यात धुके तसेच राहते, आणि कोठेतरी मधल्या पात्रात साक्याचे पुंजके अलगद खाली उतरून वरचे पाणी मोकळे होते. तुरटी कमी पडली तर काम होत नाही, आणि अति झाली तर झालेले काम बिघडते. त्यातून रंगकामाच्या पाण्यात साबणासारखी द्रव्ये असतात, ती कणांना वेगळे ठेवण्याच्याच कामी लागतात, त्यामुळे कालची मात्रा आज लागू पडेलच अशी खात्री कोणी देत नाही.

साध्या जाळीने गाळून का घेऊ नये, असे वाचक विचारील. तंतूची लांबी पुष्कळ असली तरी जाडी केसाच्या चौथाईएवढीही नसते, आणि तो उभा वळला की आपल्या लांबीहून कितीतरी लहान छिद्रातून निसटतो. म्हणून पाण्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे सोडून साका वर तरंगवणे, वाळूच्या थरांतून पाणी झिरपवणे, किंवा मायक्रॉनच्या अंशाएवढ्या छिद्रांच्या पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, ते ओढून घेणे असे उपाय योजावे लागतात. फिनलंडमध्ये नागरी सांडपाण्यावर झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत बुडबुड्यांच्या रीतीने शेकडा ९५, वाळूने ९७ आणि जैविक प्रक्रियेला जोडलेल्या मेम्ब्रेनने ९९.९ कण अडल्याचे आढळले. मेम्ब्रेनचा पराक्रम निर्विवाद. मात्र ती तुंबते, वारंवार धुवावी लागते, विजेचे बिल वाढवते, आणि गंमत अशी की ती स्वतः बहुधा प्लास्टिकचीच असते. तेल व चुंबकीय लोहभस्म यांच्या साहाय्याने हे कण ओढून घेण्याच्या युक्तीसाठी फिऑन फेरेरा या आयरिश विद्यार्थ्यास २०१९ साली गूगलच्या विज्ञानमेळ्याचे पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले; परंतु प्रयोगशाळेतील पात्र आणि रात्रंदिवस वाहणारे कारखान्याचे गटार यांत अंतर आहे.

इतके झाल्यावरही मुख्य प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. पाण्यातून काढलेला तंतू नाहीसा होत नाही, तो गाळात जातो. तामिळनाडूतील तिरुप्पूरच्या रंगकारखान्यांनी नोय्यल नदीची जी अवस्था केली, तिच्यामुळे मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये ते बंद करण्याचा हुकूम दिला, आणि पुढे थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर ते चालू झाले. अशा व्यवस्थेत तंतू नदीपर्यंत पोहोचत नाहीत हा मोठाच लाभ होय. परंतु साऱ्या पाण्याचा मळ शेवटी गाळ आणि क्षार यांच्या ढिगांत साठतो, आणि तो ढीग उघड्यावर पडला, वाऱ्याने उडाला, पावसाने वाहिला, तर केलेला खर्च पाण्यात गेला असे समजावे. प्लास्टिकचा पुनर्वापर करणारे कारखानेही सूक्ष्म कणांच्या या प्रश्नातून सुटलेले नाहीत. ब्रिटनमधील अशा एका कारखान्याच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्लास्टिक चिरडून धुताना त्याचा शेकडा १३ पर्यंत भाग सूक्ष्म कण होऊन धुलाईच्या पाण्यात जातो आणि गाळण्या बसवल्यावरही शेकडा ६ पर्यंत जातो, असा अंदाज बांधण्यात आला.

म्हणून कापडाच्या धंद्यात तंतू धरावयाचा तो दहा कारखान्यांचे रंग, मीठ, साबण आणि मैला एकत्र होण्यापूर्वी, जेट यंत्राच्या तोंडाशीच. तेथे पाणी थोडे असते, तंतू एका जातीचे असतात. आणि कापडाची लव उचलण्याचे काम कोरडेच असल्याने तेथली धूळ हवेतून ओढून पिशवीत भरता येते, ती पाण्यात जाण्याचे कारणच नाही. हे उपाय मेम्ब्रेनपुढे किरकोळ खर्चाचे आहेत. परंतु जे मोजले जात नाही त्यासाठी कोणताही मालक खुशीने पैसा काढील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील कापडधंद्याचे सांडपाणी तपासताना प्रदूषण नियंत्रण मंडळाने आपल्या तक्त्यात, घन पदार्थांच्या मिलिग्रॅमांशेजारी, लिटरमागे तंतू किती याचा एक रकाना वाढवावा. आणि तूर्त त्याला दंडाची कलमे न जोडता, निदान दोन वर्षे तो नुसता भरून घ्यावा.