पाण्याचे ओझे पेलणारी सागवानी मांडणी

तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी माशांची काचेची टाकी रिकामी असताना दोन माणसे सहज उचलतात. काच आठ मिलिमीटर जाडीची असेल तर तिचे वजन भरते साधारण ३३ किलो. पण तिच्यात पावणेसात घनफूट पाणी मावते. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे सगळे मिळून १९१ लिटर. आणि एका लिटरचे वजन एक किलो. तळाला वीस किलो वाळू-खडे घातले की भरलेली टाकी २४५ किलोंच्या घरात जाते, म्हणजे सिमेंटच्या जवळजवळ पाच पोत्यांइतकी. अशा तीन टाक्या एकावर एक ठेवायच्या, तर मांडणीवर पाऊण टनाच्या आसपास वजन येते. शिवाय ते क्षणभरही उतरत नाही.

हे वजन रंधा मारलेल्या सागाचे मोजके तुकडे वर्षानुवर्षे पेलू शकतात. ते कसे, हे समजून घ्यायला नागपूरच्या गांधीबागेसारखी दुसरी जागा नाही.

कापडबाजाराच्या शेजारी लाकूडबाजार

गांधीबाग ही मध्य नागपुरातली कापडाची जुनी ठोक बाजारपेठ. दाट वस्ती, खाली दुकान आणि वर घर, अरुंद दर्शनी भाग अशी इथल्या जुन्या भागाची ठेवण आहे. अशा घरात माशांचा छंद जोपासायचा तर टाक्या शेजारी-शेजारी मांडायला भिंत पुरत नाही. तळमजल्यावरच्या खोलीत किंवा गाडी ठेवायच्या जागेत त्या एकावर एक रचाव्या लागतात, आणि तिथे मजबूत मांडणीची गरज पडते.

ती घडवण्याचे साहित्य हाकेच्या अंतरावर मिळते. सेंट्रल अव्हेन्यूने पूर्वेकडे निघाले की लकडगंज लागतो. शहराचा हा लाकूडबाजार: आरा गिरण्या, ओंडके, कापलेल्या कड्या आणि फळ्यांच्या थप्प्या. बोल्ट-स्क्रू आणि लोखंडी सामानासाठी इतवारीतली लोहा ओळ आहे. आणि लाकडाने ओझे कसे वाहावे याचा वस्तुपाठ हवा असेल, तर शेजारच्या महालातले जुने वाडे पाहावेत.

वाड्याचे गणित

महालातला नागपूरकर भोसल्यांचा काळ्या बेसाल्टचा राजवाडा लाकडी कोरीवकामासाठी प्रसिद्ध होता. १८६४ साली तो आगीत नष्ट झाला आणि त्याचे भव्य प्रवेशद्वार तेवढे उरले. पण वाडा बांधण्याची विद्या त्या एका वास्तूपुरती नव्हती. मराठी मुलखातल्या कोणत्याही जुन्या वाड्यात वजनाची वाट सारखीच असते. माळवदाचे वजन कड्यांवर येते, कड्या तुळईवर टेकतात, तुळई खांबाच्या माथ्यावर बसते आणि खांब दगडी तळखड्यावर उभा राहतो. या सगळ्या वाटेत वजन कुठेही खिळ्यावर लटकत नाही. लाकूड लाकडावर टेकते आणि लाकूड दगडावर.

टाक्यांच्या मांडणीचा पहिला आणि सर्वांत मोठा नियम हाच आहे. आडवी कडी खांबाच्या बाजूला लावून चार स्क्रूंनी आवळली, तर सारे ओझे त्या चार स्क्रूंवर येते. वर्षे गेली की भोके सैल होतात, पाण्याच्या थेंबांनी स्क्रू गंजतात आणि एक दिवस सांधा सुटतो. त्याऐवजी खांबात खाच पाडून कडी त्या खाचेत बसवावी, किंवा कडीखाली खांबाचाच दुसरा तुकडा उभा करून तिला आधार द्यावा. स्क्रू आणि बोल्ट यांचे काम सांधा जागेवर धरून ठेवण्याचे. ओझे वाहण्याचे काम लाकडाचे.

खांबांची काळजी त्या मानाने कमी करावी लागते. लाकूड तंतूंच्या दिशेने दाबले तर फार बळकट असते. दोन बाय तीन इंचांचा, अडीच फूट उंचीचा सागाचा सरळ खांब टनभर वजन सहज घेतो. आडव्या तंतूंवर मात्र तेच लाकूड कितीतरी कमी दाब सोसते. म्हणून खांबावर कडी टेकते तिथे टेकण्याची जागा पूर्ण रुंदीची असावी, कोपऱ्यापुरती नसावी.

साग का?

विदर्भाच्या सागाची कीर्ती जुनी आहे. इंग्रजी अमलात हा मुलूख मध्यप्रांतात, म्हणजे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’मध्ये होता. त्यामुळे इथला साग आजही व्यापारात ‘सी.पी. टीक’ म्हणून ओळखला जातो. गडचिरोलीतल्या आलापल्लीचे सागवन सर्वश्रुत आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. २०२३ साली दिल्लीत उभ्या राहिलेल्या नव्या संसद भवनासाठी साग नागपूरहून गेला, आणि त्याच वर्षी अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले.

या कीर्तीमागे मोजमापाचा आधार आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेची स्थापना १९०६ साली झाली. भारतीय लाकडांची तुलना करताना तिथे सागाला १०० गुण धरतात आणि बाकीची लाकडे त्याच्या मापाने मोजतात. सागापेक्षा जड आणि बळकट लाकडे देशात आहेत, पण सागात तीन गुण एकत्र येतात. तो वाळल्यावर फारसा वाकत-पिळत नाही, त्याच्यातल्या नैसर्गिक तेलकट द्रव्यांमुळे वाळवी आणि बुरशी दूर राहते, आणि हत्याराला तो सोपा जातो. मात्र हे गुण आतल्या गडद भागाचे. बाहेरचा फिकट भाग लवकर किडतो, म्हणून निवडताना तो टाळावा.

साग परवडत नसेल तर चांगल्या वाळलेल्या दुसऱ्या कठीण लाकडाच्या कड्या आणि वर मरीन प्लायची फळी हा मार्ग आहे. प्लाय घेताना तिच्यावर आय.एस. ७१० हा मानक क्रमांक पाहावा. भुशाच्या दाबलेल्या पाट्या मात्र इथे कधीही वापरू नयेत. पाणी लागले की त्या फुगतात आणि त्यांची ताकद जाते.

कडी मोडत नाही, वाकते

मांडणी कोसळेल अशी भीती बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात धोका आधी दुसरीकडून येतो. कडी मोडण्याच्या कितीतरी आधी वाकते, आणि तिच्या वाकण्याने काचेवर ताण येतो. लाकूड लवचीक आहे, काच नाही.

आपल्या २४५ किलोंच्या टाकीखाली पुढे-मागे दोन कड्या आहेत असे समजू. प्रत्येकीचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, तीन फुटांचा, लाकूड दोन बाय तीन इंचांचे सागाचे. तीन इंचांची बाजू उभी ठेवली तर मध्यावरचा झोल हिशेबाने सुमारे ०.७ मिलिमीटर येतो. तीच कडी आडवी निजवली की झोल सव्वादोन पट होतो. लाकूड तेच, किंमत तीच. फरक फक्त ठेवण्याचा. कडीची उंची दुप्पट केली तर झोल आठव्या हिश्श्यावर येतो.

गाळ्याचा परिणाम त्याहूनही मोठा. प्रत्येक फुटावरचे वजन तेवढेच ठेवून गाळा तीन फुटांवरून सहा फूट केला, तर झोल दुप्पट नव्हे, सोळा पट होतो. ०.७ मिलिमीटरचे ११ मिलिमीटर! म्हणून लांब मांडणीत मधला खांब टाळू नये. वाड्यांतल्या खांबांच्या माथ्यावरचे कोरीव हस्त दिसायला सुंदर असतातच, पण तुळईचा उघडा गाळा कमी करण्याचे कामही ते करतात.

त्यात काळाचा हिशेब धरावा लागतो. १९५१ साली अमेरिकेतल्या मॅडिसनच्या वनोपज प्रयोगशाळेत लायमन वुड यांनी दाखवून दिले, की काही मिनिटांच्या चाचणीत लाकूड जेवढे वजन सोसते, त्याच्या सुमारे ६० टक्केच वजन ते दहा वर्षे सतत सोसू शकते. झोलही हळूहळू वाढतो: वाळलेल्या लाकडात सुरुवातीच्या दीडपट, ओल्या लाकडात दुपटीपर्यंत. म्हणून कड्या हिशेबाला जेमतेम पुरतील अशा घेऊ नयेत, एक माप वरची घ्यावी.

डुलणे आणि टेकणे

चार खांब आणि आडव्या कड्या यांची नुसती चौकट वरून कितीही वजन घेईल. बाजूने धक्का बसला की मात्र ती तिरपी होऊ पाहते. टाकीतले पाणी हेलकावले की हा धोका वाढतो. त्रिकोणाचा आकार बदलत नाही, म्हणून मागच्या बाजूला कर्णावर तिरपी पट्टी मारावी किंवा प्लायची पूर्ण पाठ ठोकावी. तीन थरांची उंच मांडणी भिंतीला दोन ठिकाणी पक्की बांधावी. सर्वांत मोठी टाकी नेहमी सर्वांत खाली ठेवावी.

टाकी कशी टेकते हेही महत्त्वाचे. घरगुती टाक्या पूर्वी लोखंडी अँगलच्या चौकटीत पुटी भरून बनत आणि चौकटीच्या काठावर टेकत. पुढे सिलिकॉनने जोडलेल्या नुसत्या काचेच्या टाक्या आल्या. त्यांचा संपूर्ण तळ टेकावा लागतो. फळीवरचा एखादा खडा किंवा वर आलेले स्क्रूचे डोकेही तळाची काच तडकवू शकते. म्हणून अशा टाकीखाली थर्माकोलचा सपाट थर द्यावा. काठाची चौकट असलेल्या टाकीला तो लागत नाही.

जमिनीचाही विचार हवा. घराच्या मजल्याचा आराखडा करताना दर चौरस मीटरला साधारण २०० किलो राहता भार धरतात. आपली एकच टाकी तिच्या तळाच्या क्षेत्रावर त्याच्या जवळजवळ तिप्पट भार टाकते. त्यामुळे थरांची मांडणी तळमजल्यावरच असावी आणि प्रत्येक खांबाखाली ग्रॅनाइटचा किंवा शहाबादी फरशीचा तुकडा द्यावा. हा तुकडा म्हणजे छोटा तळखडाच. त्याने वजन पसरते आणि फरशी धुताना खांबाचा तळही ओला होत नाही.

नागपूरचे ऋतू

नागपुरात २३ मे २०१३ रोजी तापमान ४७.९ अंशांवर गेले होते. उन्हाळ्याची कोरडी हवा लाकडातला ओलावा शोषून घेते आणि पावसाळा तो परत देतो. लाकूड आकसते, फुगते आणि सांधे हलतात. ओल्या लाकडाची मांडणी पहिल्याच उन्हाळ्यात पिळते. यावर उपाय म्हणजे पूर्ण वाळलेले लाकूड घेणे, सगळ्या बाजूंना आणि विशेषतः कापलेल्या टोकांना पॉलिश किंवा रंगाचे दोन हात देणे, आणि दर उन्हाळ्यानंतर बोल्ट तपासणे. माशांसाठीही एक सूचना आहे: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. छताजवळ हवा अधिक तापते, म्हणून नाजूक मासे खालच्या थरात ठेवावेत आणि दोन थरांत हात घालून सफाई करता येईल एवढी फूटभर जागा सोडावी.

मांडणी तयार झाली की पाणसळ लावून ती लांबीत आणि रुंदीत समतल करावी. मग मासे न सोडता टाक्या पाण्याने भरून आठवडाभर तशाच ठेवाव्यात. पाण्याची पातळी दोन्ही टोकांना काठापासून सारखीच खाली आहे का, हे रोज पट्टीने मोजावे. फरक दिसला तर टाक्या रिकाम्या कराव्यात, दोष दुरुस्त करावा आणि पुन्हा भराव्यात. लकडगंजात लाकूड घ्यायला किंवा सुताराला काम सांगायला जाल, तेव्हा टाकीची लांबी-रुंदी सांगून थांबू नका. भरलेल्या टाकीचे वजन किलोंमध्ये लिहून न्या. जाणकार सुतार तो आकडा पाहूनच लाकडाचे माप ठरवील, आणि माशांची सुरक्षितता तिथूनच सुरू होईल.