रक्तदान : कोणी, कोणास आणि कोणते?

आपल्या पेठेत कोणाच्या घरी मोठी शस्त्रक्रिया निघाली, की तासाभरात वीस-पंचवीस मंडळी रुग्णालयाच्या दारी जमतात. दुकान मुनिमावर सोपवून आलेली ही मंडळी बाह्या सारून उभी असतात. आणि पुष्कळदा रक्तपेढीतून उत्तर येते की, आज इतक्यांची गरज नाही, प्लेटलेट देणारा एक योग्य मनुष्य तेवढा मिळवा. मंडळी हिरमुसून परततात. त्यांच्या सद्भावनेत उणे काही नसते. उणे असते ते माहितीत. दानाचे फळ दाता, पात्र, द्रव्य आणि विधी या चारही गोष्टींवर अवलंबून असते, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. रक्तदानासही हाच विचार लागू आहे. तो सभासद बंधुभगिनींपुढे मांडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम दाता व पात्र यांच्या मेळाविषयी. सर्व माणसांचे रक्त एकसारखे नसते, हे व्हिएन्ना येथील डॉ. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखवून दिले. या शोधाबद्दल त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. तांबड्या पेशींवर 'ए' वा 'बी' नावाची खूण असते, दोन्ही असतात किंवा दोन्ही नसतात. त्यावरून ए, बी, एबी आणि ओ असे चार गट पडतात. जी खूण आपल्या पेशींवर नाही, तिच्याविरुद्ध लढणारी द्रव्ये आपल्या रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मात, असतात. म्हणून ए गटाच्या रुग्णास बी गटाचे रक्त दिले तर आलेल्या पेशी फुटू लागतात, मूत्रपिंडे निकामी होतात आणि प्राणावर बेतते. याखेरीज 'आर-एच' ही आणखी एक खूण असते. ती असेल तर पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. आपल्या देशात निगेटिव्ह मंडळी शंभरात पाच-सहाच्या आसपास आहेत.

तांबड्या पेशींचा हिशेब असा : ओ गटाच्या पेशी चारही गटांस चालतात, ए गटाच्या ए व एबी यांस, बी गटाच्या बी व एबी यांस, एबी गटाच्या फक्त एबी गटास. निगेटिव्ह रुग्णास शक्यतो निगेटिव्ह रक्तच द्यावे लागते. मात्र रक्तद्रवाचा हिशेब नेमका उलटा आहे. एबी गटाचा रक्तद्रव सर्वांस चालतो, ओ गटाचा केवळ ओ गटास. तेव्हा 'ओ गट म्हणजे सर्वांचा दाता' हे वचन अर्धेच खरे होय. शिवाय प्रत्यक्ष व्यवहारात रुग्णास त्याच्याच गटाचे रक्त देणे प्रथम पसंत केले जाते, आणि देण्यापूर्वी दोघांच्या रक्ताचा मेळ प्रयोगशाळेत पडताळून पाहिला जातो.

या पडताळणीचे महत्त्व आपल्याच भागातील एका शोधाने पटते. १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रक्त नोंदविले की जे कोणत्याही परिचित गटाशी जुळेना. जगभर त्यास 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. साध्या तपासणीत हा गट ओ असाच दिसतो. परंतु ओ गटाच्या पेशींवर असणारी 'एच' ही मूळ खूणही यात नसते, म्हणून अशा रुग्णास ओ गटाचे रक्तही घातक ठरते. त्यास बॉम्बे गटाचेच रक्त हवे. भारतात सुमारे १०,००० माणसांत एक असा आढळतो. हा गुण आई व बाप या दोहोंकडून यावा लागतो. म्हणून जवळच्या नात्यात सोयरिकी होणाऱ्या घराण्यांत त्याचा संभव अधिक. घरात एकाचा हा गट निघाला, तर सख्ख्या भावंडांची तपासणी अवश्य करून घ्यावी. दाता बहुधा त्यांतच सापडतो.

आता द्रव्याकडे वळू. एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात व यंत्राने त्याचे भाग वेगळे करतात. तांबड्या पेशी शीतपेटीत ३५ ते ४२ दिवस टिकतात. अपघात, बाळंतपणातील रक्तस्राव, थॅलेसेमिया यांत त्या लागतात. रक्तद्रव गोठवून वर्षभर ठेवता येतो. रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेल्या रुग्णांस तो देतात. प्लेटलेट मात्र अवघ्या ५ दिवसांचा माल आहे. कर्करोगाच्या उपचारांत त्यांची सतत गरज पडते. डेंग्यूच्या प्रत्येक रुग्णास त्या लागतात असे नाही, पण रक्तस्राव होऊ लागला की लागतात. केवळ प्लेटलेट काढून घेऊन उरलेले रक्त दात्यास परत देणारी यंत्रे मोठ्या रक्तपेढ्यांत असतात. यास तास-दीड तास लागतो. परंतु एका दात्याकडून पाच-सहा पिशव्यांइतक्या प्लेटलेट मिळतात. संपूर्ण रक्त पुरुषांनी ९० दिवसांनी व स्त्रियांनी १२० दिवसांनी पुन्हा द्यावे, असा आपल्याकडील नियम आहे. प्लेटलेट याहून पुष्कळ लवकर पुन्हा देता येतात.

यावरून आमची सूचना अशी : ओ गटाच्यांनी संपूर्ण रक्त द्यावे. ए, बी आणि एबी गटाच्यांनी, जेथे सोय असेल तेथे, प्लेटलेट देण्याचा विचार करावा. निगेटिव्ह व बॉम्बे गटाच्यांनी रक्तपेढीत नाव नोंदवून ठेवावे आणि बोलावणे येताच जावे.

मुलाने बापास स्वतःचे रक्त द्यावे, यात आपल्याला मोठी धन्यता वाटते. परंतु रक्ताच्या नात्यातील दात्याच्या पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णाच्या शरीरात ठाण मांडतात व त्यावरच उलटतात. हा विकार विरळा, पण बहुधा प्राणघातक. म्हणून असे रक्त किरणप्रक्रिया करूनच देतात. तसेच पुढे अपत्य होण्याचा संभव असलेल्या पत्नीस पतीचे रक्त देणे टाळतात. तेव्हा आप्तांनी आपले रक्त पेढीत जमा करावे आणि रुग्णाने परक्याचे घ्यावे, हाच सुरक्षित मार्ग होय.

शेवटी विधी, आणि येथे आम्हांस आमचीच चूक कबूल करावयाची आहे. आपण वर्षातून एकदा जयंतीच्या दिवशी शिबिर भरवितो आणि पिशव्यांची संख्या अभिमानाने छापतो. नाशवंत माल वर्षाचा एकदम भरावयाचा नाही, हे दुकानात आपण जाणतो, येथे विसरतो. पर्युषण व दशलक्षण पर्व पावसाळ्याच्या उत्तरार्धात येते. त्याच सुमारास डेंग्यूचे रुग्ण वाढतात, आणि नेमके तेव्हाच आपल्यातील अनेकांचे उपवास चालू असतात. उपवासाच्या दिवशी रक्त देऊ नये. पारण्यानंतर नीट आहार सुरू झाल्यावर द्यावे. म्हणून एका शिबिराऐवजी वर्षातून चार लहान शिबिरे भरवावीत, आणि त्यांचे दिवस रक्तपेढीस विचारून ठरवावेत.

वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असलेला निरोगी मनुष्य रक्त देऊ शकतो. रक्ताची विक्री आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली आहे. पेढी घेते तो केवळ तपासणीचा व साठवणीचा खर्च. ज्याची किंमत करता येत नाही असा हा एकच माल आमच्या पाहण्यात आहे. आमची विनंती इतकीच की, प्रत्येक सभासदाने घरातील सर्वांचे रक्तगट रक्तपेढीतून तपासून घ्यावेत आणि ते संघाच्या वहीत नोंदवावेत. रात्री अपरात्री कोणाच्या घरून निरोप आला, तर वीस जणांना उठविण्याऐवजी ज्याची खरोखर गरज आहे त्यालाच उठविता येईल.