पत्ता खरा, घर खोटं

जुलै-ऑगस्ट आला की आमच्या नेरूळच्या सोसायटीत एक वजनकाटा या घरातून त्या घरात फिरू लागतो. तो मूळचा कुणाचा हे आता कुणालाच आठवत नाही. हुकाला बॅग अडकवायची, दोन्ही हातांनी उचलायची आणि आकडा तेवीस किलोच्या वर गेला की आधी कुकर बाहेर काढायचा की गोडा मसाला, यावर घरात तंटा! कुणाचा मुलगा डब्लिनला निघालेला असतो, कुणाची नात मेलबर्नला. तीस वर्षांपूर्वी आम्ही इथं राहायला आलो, तेव्हा लोकल आपल्या दारापर्यंत येते याचंच केवढं अप्रूप होतं. वाशीला ती १९९२ मध्ये पोचली, नेरूळला १९९३ मध्ये. आता त्याच स्टेशनाबाहेर परदेशी शिक्षणाचे सल्लागार आणि जर्मन शिकवणारे क्लास यांच्या पाट्या एकमेकींना ढकलत उभ्या आहेत.

२०२३ मध्ये वजनकाटा आमच्याकडे आला. मुलीला म्युनिकच्या एका विद्यापीठात एम.एस.ला प्रवेश मिळाला होता. जर्मनीला जाणाऱ्यांचा ओघ किती, तर २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथं सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून परदेशी विद्यार्थ्यांत आपलाच नंबर पहिला लागला. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र, हे त्याचं एक उघड कारण. पण व्हिसा हवा तर वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी तिथल्या बंद खात्यात ठेवावी लागते. त्या वर्षी ती ११,२०८ युरो होती, म्हणजे जवळपास दहा लाख रुपये. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो झाली. दरमहा त्यातला बारावा हिस्साच हातात येतो, त्यामुळे मुलं श्रीमंत असून गरीब असतात.

एवढी सगळी तजवीज झाली, राहिलं फक्त घर. म्युनिकमध्ये विद्यार्थ्यांना जागा मिळणं म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी कोकणात जाणाऱ्या गाडीत खिडकी मिळण्यासारखं. स्वस्त वसतिगृहांच्या याद्या कित्येक सत्रांच्या लांब. त्यात शहरातली सर्वांत मोठी विद्यार्थी वसाहत, श्टुडेंटनश्टाट, २०२१ च्या फेब्रुवारीतल्या आगीनंतर आणि दुरुस्त्यांच्या कामांमुळे बरीचशी रिकामी पडलेली. मुलीनं दोन महिने रोज पहाटेपर्यंत जाहिराती चाळल्या, शंभरावर अर्ज पाठवले. उत्तरं आली चार. त्यातलं एक भलतंच गोड होतं.

घरमालकीण डॉक्टर, मूळची म्युनिकची, पण सध्या नोकरीनिमित्त नॉर्वेत. श्वाबिंग भागात एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर. सगळं मिळून भाडं ४६० युरो. फोटोत पांढरे पडदे आणि खिडकीत तुळशीसारखं काहीतरी झाड. 'तुझ्यासारखी अभ्यासू मुलगीच मला हवी होती,' असंही बाईंनी लिहिलं होतं. एक महिन्याचं भाडं आणि दोन महिन्यांची अनामत, मिळून १,३८० युरो. ते बाईंना द्यायचे नव्हते, एका 'मध्यस्थ कंपनी'च्या खात्यात ठेवायचे होते. घर पसंत पडलं नाही तर तीन दिवसांत परत. करारनामा आला, बाईंच्या पासपोर्टची प्रत आली आणि बाईंनी अर्थातच आमच्या लेकीच्या पासपोर्टचीही प्रत मागून घेतली. महाप्यातल्या कंपनीत दोन वर्षं नोकरी करून तिनं साठवलेल्या पैशांतून, सव्वा लाख रुपये ऑगस्टमध्ये गेले.

त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. घरचा दीड दिवसाचा गणपती २० ला पोचवला, दुसऱ्या दिवशी रात्री तिला विमानतळावर सोडलं. २२ तारखेला, शुक्रवारी, आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील, तिचा फोन आला. तिथं दुपारचे दोन.

"आई, पत्ता बरोबर आहे. इमारत पण आहे. पण बेलवर नाव नाहीये."

जर्मनीत इमारतीच्या दारावर फ्लॅटचे नंबर नसतात, आडनावं असतात. दहा-बारा बटणं, प्रत्येकाशेजारी एक आडनाव. त्यात डॉक्टरीणबाईंचं नाव नव्हतं. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन ती फुटपाथवर उभी. बाईंचा फोन बंद. शेवटी तळमजल्यावरच्या एका आजींनी दार उघडलं. आजींना इंग्रजी येत नव्हतं, हिचं जर्मन क्लासपुरतं. तरी आजींनी बोटांनी दाखवलेला आकडा तिला कळला. त्या महिन्यात अशी विचारत आलेली ती तिसरी मुलगी होती.

पुढची अडचण आणखी मजेशीर, अर्थात आता मजेशीर वाटते. म्युनिकचा प्रसिद्ध ऑक्टोबरफेस्ट नावात ऑक्टोबर असला तरी सुरू सप्टेंबरमध्येच होतो. त्या वर्षी तो १६ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर होता. जगभरातले लोक बिअर प्यायला लोटलेले. हॉस्टेलमधली एक खाट सापडेना, सापडली तर भाव चौपट. चामड्याच्या अर्ध्या विजारी घातलेल्या, मोठमोठ्यानं गाणाऱ्या घोळक्यांतून ती बॅगा ओढत स्टेशनावर परत आली. रात्री एका वरच्या वर्गातल्या मुलीच्या ओळखीनं डोंबिवलीचं एक जोडपं मदतीला आलं. दादा-वहिनी दोन खोल्यांत राहत होते, एक वर्षाचं बाळ होतं, तरी त्यांनी तिला दिवाणखान्यात गादी घालून दिली. त्या माउलीनं रात्री साडेदहाला वरणभात लावला, हे मी जन्मात विसरणार नाही.

शनिवारी ती पोलीस चौकीत जाऊन तक्रार नोंदवून आली. सगळं शांतपणे लिहून घेतलं, क्रमांक दिला. आशा मात्र दिली नाही. रविवारी तिथं दुकानं बंद असतात, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. एवढ्या मोठ्या शहरात वाणीसुद्धा बंद असतो हे प्रत्यक्ष पाहिल्यावर पटलं.

इकडे आमच्या ह्यांनी त्या जाहिरातीचे फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. ह्यांचा जन्म वीज मंडळात गेलेला. तिसऱ्या फोटोवर थांबून म्हणाले, "हा सॉकेट बघ. तीन चपट्या खाचांचा आहे. हा इंग्लंडचा. जर्मनीत दोन गोल भोकांचा असतो." खोली जर्मनीतली नव्हतीच! खात्याच्या क्रमांकातही तीच गोष्ट. युरोपातल्या बँक खात्याच्या क्रमांकाची पहिली दोन अक्षरं देशाची असतात, जर्मनीची डीई. हे खातं तिसऱ्याच देशातलं होतं. नॉर्वेतली बाई, म्युनिकची खोली, इंग्लंडचा सॉकेट आणि खातं आणखी कुठलं तरी. सव्वा लाखात अर्धा युरोप फिरवून आणला म्हणायचं.

पैसे गेले त्यापेक्षा मोठा घोर वेगळाच होता. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत आपला पत्ता सरकारी कार्यालयात नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. पत्ता नोंदला नाही तर करक्रमांक येत नाही, बहुतेक बँका खातं उघडायला कुरकुर करतात. चालू खातं नाही तर बंद खात्यातले पैसे येणार कुठं? राहण्याच्या परवान्याची मुदतवाढही पत्त्यावरच अडलेली. आपलेच दहा लाख तिथं पडलेले आणि ब्रेड घ्यायला पर्समध्ये मोजके युरो. घर नसलेला माणूस तिथं कागदावर जवळजवळ नसतोच. एक दिवस ती फोनवर रडली, नुसती रडली. मी तिकीट काढून परत ये म्हणायच्या बेतात होते. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "जेवलीस का?"

मग सुरू झाला खोल्या बघण्याचा कार्यक्रम. तिथं चार-पाच मुलंमुली मिळून फ्लॅट घेतात आणि एक खोली रिकामी झाली की इच्छुकांना स्वयंपाकघरात बसवून प्रश्न विचारतात. स्वयंपाक येतो का? भांडी लगेच घासतेस की साठवतेस? मांजर चालेल का? रात्री दहानंतर आवाज करतेस का? समोर कॉफी आणि केक. आमच्या मुलीचा कांदेपोह्यांचा पहिला कार्यक्रम असा म्युनिकमध्ये झाला आणि एकदा नाही, अकरा वेळा झाला. दहांनी 'कळवतो' म्हटलं. हे 'कळवतो' तिकडेही तसंच असतं. अकराव्या ठिकाणी, ऑक्टोबरच्या मध्यावर, मोझाख भागात तिला तीन महिन्यांपुरती खोली मिळाली. भाडं ६५० युरो, पण मालकानं सहीचा कागद दिला. त्या कागदाचा फोटो तिनं आम्हांला असा पाठवला, जसा लोक बाळाचा पाठवतात. अनामतीचे नियमही तिला तेव्हाच कळले. कायद्यानं ती तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि भाडेकरू ती तीन हप्त्यांत देऊ शकतो. घर बघायच्या आधीच सगळी रक्कम मागणारा मनुष्य त्या देशाच्या रीतीबाहेरचा, असं आता ती सांगते.

हे सगळं ऐकून आमच्याकडे येणारे म्हणत, "परदेशात सुद्धा असं होतं?" मला या 'सुद्धा'चं हसू येतं. आपल्या खारघर-कोपरखैरण्यात काय वेगळं चालतं? 'हेवी डिपॉझिट'चा खेळ घ्या. दलाल मालकाकडून फ्लॅट महिन्याच्या भाड्यानं घेतो आणि तोच फ्लॅट दुसऱ्या कुटुंबाला पाच-सात लाख अनामत घेऊन, बिनभाड्यानं देतो. त्यातूनच मालकाला चार महिने भाडं पोचवतो आणि पाचव्या महिन्यात अंतर्धान पावतो. मालक भाडं मागायला दारात येतो, तेव्हा दोन्ही बाजूंना कळतं की आपण एकमेकांना कधी भेटलोच नव्हतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा असला तरी हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. पण दोनतीन हजार वाचवायला नोंदणी टाळणारे आपणच.

आणि फसतो तो भाडेकरूच असतो असंही नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी घर भाड्यानं देण्याची जाहिरात दिली, तर फोन आला: मी निमलष्करी दलातला जवान, बदली होऊन येतोय, घर न बघताच पसंत आहे, अनामत पाठवतो, कोड स्कॅन करा. पैसे घ्यायला कधी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, हे काकूंच्या नातवाला ठाऊक होतं म्हणून वाचल्या. अशा वेळी १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर पहिल्या काही तासांत फोन केला, तर रक्कम पुढं सरकायच्या आत गोठवता येण्याची शक्यता असते. आमच्या लेकीच्या बाबतीत महिना उलटून गेला होता.

अनोळखी माणसाच्या पत्रावर विश्वास ठेवून समुद्र ओलांडणं तसं आपल्याला नवं नाही. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंनी १८८० मध्ये दंतवैद्याकडे बसल्या बसल्या एका मिशनरी मासिकात गोपाळराव जोश्यांचं पत्र वाचलं आणि आपण होऊन आनंदीबाईंना लिहिलं. तीन वर्षं नुसती पत्रं. अठरा वर्षांच्या आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्या कधी न पाहिलेल्या मावशी खरोखर धक्क्यावर हजर होत्या. त्या पत्रांतही प्रेमाचे शब्द असतीलच आणि नॉर्वेच्या डॉक्टरीणबाईंच्या पत्रांतही होते. नुसत्या शब्दांवरून ओळखायचं कसं, हे मला आजही कळलेलं नाही. मावशींनी पैसे मागितले नव्हते, एवढा एक फरक.

मोझाखनंतर मुलीनं दोन खोल्या बदलल्या. पोलिसांकडून एक पत्र आलं की आरोपीचा माग लागला नाही, तपास थांबवला आहे. पैशांवर आम्ही पाणी सोडलं. पण २०२४ च्या मार्चमध्ये तिला एका मुलाचा संदेश आला. मुलगा नागपूरचा, श्टुटगार्टला जायच्या तयारीत. "मॅडम, तुमची खोली अजून आहे ना? पैसे आज भरतो." त्याला पाठवलेल्या करारावर घरमालकीण म्हणून आमच्या लेकीचं नाव होतं आणि सोबत तिच्याच पासपोर्टची प्रत. नॉर्वेच्या बाईंचा पासपोर्ट कुठल्या पोरीचा होता, हे आमच्या त्या वेळी लक्षात आलं. सुदैवानं मुलानं पैसे भरण्याआधी नाव शोधून पाहिलं आणि विद्यापीठाच्या पानावर हिचा पत्ता मिळवला.

ती पुन्हा चौकीत गेली, दुसरी तक्रार नोंदवली. इथंही आम्ही सायबर पोलिसांकडे लेखी देऊन ठेवलं, उद्या आपल्याच पोरीवर बालंट नको. नागपूरच्या मुलाचे पैसे वाचले. दोन दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला.

"ताई, मग खरी खोली कुठं मिळते?"

हिचं स्वतःचं नाव तेव्हा वसतिगृहाच्या यादीत होतं, आणखी दोन सत्रं थांबा असं कळवलं होतं. तिनं त्याला डोंबिवलीच्या दादांच्या एका श्टुटगार्टमधल्या मित्राचा नंबर दिला.