चाकांवरच्या घराचे वजन

"मामा, मला एका खोलीचं वजन करायचंय आणि घरात काटा आहे तो माणसांचा. काय करू?"

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने इंग्लंडमधील लीड्सहून फोनवर हा प्रश्न विचारला. 'खोली' म्हणजे प्रवासी ट्रेलर. मोटारीच्या मागे जोडून न्यायचे हे दोन चाकांचे छोटे घर. आत झोपण्याचे बाक, शेगडी, पाण्याचे डबे, कपाट. भाच्याने तो जुना विकत घेतला होता. वजन लिहिलेली पट्टी गंजून गेली होती. विकणारा म्हणाला होता, "असेल पाचशेच्या आसपास." त्यावर चौघांचे आठ दिवसांचे सामान चढले होते.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नव्हते. म्हणजे मोटारीच्या ब्रेकनीच दोघांना थांबवायचे. ब्रिटनमध्ये अशा ट्रेलरचे एकूण वजन ७५० किलोग्रॅम किंवा मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम आहे. भाच्याची मोटार १३०० किलोग्रॅमची. म्हणजे मर्यादा ६५०. मोठा वजनकाटा गावाबाहेर होता. पण तेथे जायचे तर ट्रेलर ओढत न्यायला हवा, आणि ओढण्यापूर्वी वजन कळायला हवे!

गाडी उचलायची कशी?

ही अडचण जुनी आहे. इंग्लंडमधील सफोक परगण्यात वुडब्रिज येथे एका खाणावळीच्या भिंतीबाहेर सतराव्या शतकातील एक प्रचंड काटा अजून पाहायला मिळतो. त्याला गाडी साखळ्यांनी टांगून उचलीत आणि लांब दांडीवर लहान वजन सरकवून तोलीत. अठराव्या शतकाच्या मध्यास बर्मिंगहॅमच्या जॉन वायट याने जमिनीलगत फलाट बसवून त्याखाली तरफांची जोडणी केली. आता गाडी उचलायची गरज उरली नाही. ती फलाटावर चढली की पुरे. १९३८ साली सिमन्स आणि रूज या दोन अमेरिकन संशोधकांनी स्वतंत्रपणे ताण मोजणारी तारेची पट्टी शोधली. धातूचा ठोकळा भाराने किंचित दबला की त्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युत्-रोध बदलतो. आपल्या साखर कारखान्यांत उसाची ट्रॉली ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढते, त्याच्या पोटात याच तत्त्वाचे ठोकळे असतात.

भाच्याकडे यांपैकी काहीच नव्हते. पण तत्त्व तर होते.

टायरची साक्ष

पहिली युक्ती दाबाची. टायरमधील हवा रस्त्याला टेकलेल्या भागावर दाब देऊन ट्रेलर तोलून धरते. म्हणून

भार = हवेचा दाब × टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ.

भाच्याने टायरखाली चारही बाजूंनी कागदाच्या पट्ट्या सरकवल्या. त्या जेथे अडल्या तेथे खडूने खुणा केल्या. डाव्या चाकाचे क्षेत्रफळ १४५, उजव्याचे १५५ चौरस सेंटिमीटर भरले. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम होता. म्हणजे दोन्ही चाकांवर मिळून ६०० किलोग्रॅम. ट्रेलरचे पुढचे टोक घरच्या काट्यावर ठेवले. तेथे २४ भरले. एकूण ६२४.

"मामा, सुटलो!" तो म्हणाला. मी म्हटले, "थांब." टायर म्हणजे फुगा नव्हे. त्याच्या जाड भिंतीही थोडा भार उचलतात, आणि हवेच्या हिशोबात त्या येत नाहीत. शिवाय टेकलेल्या भागाच्या कडा नेमक्या कोठे संपतात हे ठरवणे कठीण. ही रीत अंदाजापुरती ठीक; मर्यादेच्या इतक्या जवळ तिच्यावर विसंबता येत नाही.

फळी आणि टेकू

दुसरी युक्ती तरफेची. एक जाड, न वाकणारी फळी घेतली. तिचे एक टोक पक्क्या टेकूवर, दुसरे घरच्या काट्यावर. दोन टेकूंमधील अंतर १२० सेंटिमीटर. चाक पक्क्या टेकूपासून ३० सेंटिमीटरवर, एका आडव्या लाकडी तुकड्यावर आणून ठेवले. टेकूभोवती आघूर्णे मांडा:

चाकावरील भार × ३० = काट्यावरील भार × १२०.

म्हणजे काट्यावर चाकाच्या भाराचा फक्त चौथा हिस्सा येतो, आणि तीनशे किलोग्रॅमचा भार माणसांच्या काट्यालाही पेलतो. ट्रेलर कलू नये म्हणून दुसरे चाक तेवढ्याच उंचीवर ठेवले आणि पुढचे टोकही पातळीत धरले. चाकांना विटा लावून ती पक्की केली, आणि ट्रेलरखाली कोणीही जायचे नाही हे आधीच ठरवले.

नुसत्या फळीने काटा ४ किलोग्रॅम दाखवीत होता. ते वजा केले. डाव्या चाकाला ७८ आले, म्हणजे ३१२. उजव्याला ८३, म्हणजे ३३२. पुढच्या टोकाचे २४. ट्रेलर या तीनच जागी टेकलेला असल्याने त्यांची बेरीज हेच त्याचे वजन: ६६८ किलोग्रॅम. मर्यादेपेक्षा १८ जास्त! टायरने मात्र २६ कमी सांगितले होते.

वजन किती, तसेच कोठे?

आणखी एक दोष या आकड्यांत लपला होता. पुढच्या टोकावरचा भार एकूण वजनाच्या चार टक्केही नव्हता. ब्रिटनमध्ये तो साधारण ५ ते ७ टक्के असावा असा सल्ला देतात. अमेरिकेत १० ते १५ टक्के. तो फार कमी असणे म्हणजे गुरुत्वमध्य फार मागे असणे. असा ट्रेलर वेगात असताना वाऱ्याचा झोत लागला की शेपटासारखा डोलू लागतो. वेग कमी असताना हे डोलणे आपोआप विरते. एका मर्यादेपलीकडे मात्र दर हेलकाव्यागणिक वाढत जाते, आणि शेवटी मोटारीलाही ओढून नेते.

आपला शेतकरी हे अनुभवाने जाणतो. बैलगाडीत मागे जास्त पोती पडली की गाडी उलळते, जू वर उचलले जाते. म्हणून तो पोती पुढेमागे सरकवून जुवावर बेताचा भार राहील असे पाहतो.

भाच्यानेही तेच केले. ट्रेलरचा आस आणि पुढचे टोक यांत अंतर ३ मीटर. आसेमागे १.२ मीटरवर २० लिटर पाण्याचा डबा होता. तो रिकामा केला. वजन २० ने घटले. पण पुढचा भार मात्र २० × १.२ ÷ ३, म्हणजे ८ किलोग्रॅमने वाढला! मग डबाबंद खाद्याचे १५ किलोग्रॅमचे खोके आसेमागील ८० सेंटिमीटरवरून आसेपुढे ८० सेंटिमीटरवर आणले. पुढे आणखी ८ आले. आता एकूण ६४८ आणि पुढे ४०. सुमारे ६ टक्के.

"आता निघू?" नाही. काट्याची चूक अर्धा किलोग्रॅम असेल, तर चौपट होऊन ती दोन किलोग्रॅम होते. आणि ३० सेंटिमीटरचे अंतर एका सेंटिमीटरने चुकले, तर प्रत्येक चाकामागे दहाएक किलोग्रॅमची चूक! तरफ भार हलका करते, पण चुका मोठ्या करते. म्हणून आसेच्या बरोबर वर ठेवलेल्या १२ किलोग्रॅमच्या घडीच्या खुर्च्याही घरी राहिल्या. पुढचा भार त्याने बदलला नाही. एकूण वजन ६३६ झाले.

मग तो सावकाश मोठ्या काट्यावर गेला. त्या काट्याने ६४० दाखवले. दोन्ही मुले मागच्या बाकावर होती. खुर्च्यांवाचून त्यांचे काहीच अडले नाही.

तुम्हीही करून पाहा

स्वयंपाकघरातल्या ५ किलोग्रॅमच्या काट्याने १५ किलोग्रॅमच्या आसपासची धान्याची पिशवी तोला. मजबूत फळीचे दोन टेकू ८० सेंटिमीटर अंतरावर घ्या. पिशवीचा मध्य पक्क्या टेकूपासून २० सेंटिमीटरवर ठेवा, फळीचा भार वजा करा आणि उरलेल्याला ४ ने गुणा. मग पिशवी १६ सेंटिमीटरवर ठेवून ५ ने गुणा. दोन्ही उत्तरे जुळतात का? जुळली नाहीत तर चूक काट्याची की अंतराची, ते शोधून काढा.

आणि एक हिशोब: बैलगाडीचे जू आसेपासून ३ मीटरवर आहे. जुवावर ४० किलोग्रॅम भार आहे. ५० किलोग्रॅमचे पोते आसेमागील ६० सेंटिमीटरवरून आसेपुढे ६० सेंटिमीटरवर आणले, तर बैलांच्या मानेवर किती भार येईल? उत्तर ६० आले, तर तुम्ही गाडी नीट भरू शकाल. बैलगाडी असो, नाहीतर चाकांवरचे घर!