खंजेरीचा ताव

कार्तिकातली थंडी पडायला लागली की आर्वीकडच्या गावांत रात्री देवळापुढे शेकोटी पेटते. गेल्या वर्षी अशाच एका शेकोटीपाशी मी खंजेरी भजनासाठी थांबलो होतो. पेटीवाला सूर धरून पाहत होता, पोरं सतरंज्या अंथरत होती. साठी उलटलेले एक भजनी मात्र जाळापुढे उकिडवे बसून खंजेरी फिरवत होते. चार-पाच वेळा फिरवायची, बोटानं टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा फिरवायची. मी विचारलं, "बापू, किती वेळ शेकायची?"

"त्याले वेळ नाही राहत जी. ताव लागला का नाही, हे कानानं पाहा लागते."

लाकडाचं कडं, एका बाजूनं ताणून बसवलेलं चामडं आणि कड्याच्या खाचांत झुलणाऱ्या पितळी चकत्या, एवढाच खंजेरीचा संसार. दवानं चामडं सैल पडतं आणि बोल बसका निघतो. जास्त शेकलं तर ते तडकतं. डाव्या हातात कडं, उजव्या हाताची बोटं चामड्यावर; ताल आणि झांज दोन्ही एकाच माणसाच्या हातात. पेटी उचलायला माणूस लागतो, खंजेरी झोळीत मावते. हे चालत्या माणसाचं वाद्य आहे, आणि विदर्भात ते घरोघरी पोचलं तेही एका चालत्या माणसामुळेच.

माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. शाळेत मन रमलं नाही. वरखेडला गुरू आडकोजी महाराजांचा सहवास मिळाला आणि माणिकचा 'तुकड्या' झाला. भजन म्हणावं आणि मिळेल त्या भाकरीच्या तुकड्यावर राहावं, म्हणून हे नाव, असं सांगतात. पुढे सारा देश तुकडोजी महाराज म्हणू लागला, तरी आपल्या भजनांत ते स्वतःचं नाव 'तुकड्या' असंच घालत राहिले. मला यात नुसती नम्रता दिसत नाही. गावोगाव फिरणाऱ्या गायकाचं पोट कोण भरतं, याची ती रोजची आठवण होती.

मोझरीला १९३५ मध्ये त्यांचा गुरुकुंज आश्रम उभा राहिला. मोझरी अमरावती जिल्ह्यात, पण वर्धा नदी ओलांडली की आर्वी, आष्टी. या पट्ट्याला ते परके कधीच नव्हते. १९३६ च्या जुलैमध्ये ते गांधीजींकडे सेवाग्रामला आले. तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं. गांधीजी तिथं पहिल्यांदा आले तो दिवसही ३० एप्रिलचाच, म्हणजे तुकडोजींचा सत्ताविसावा वाढदिवस. आश्रम म्हणजे तेव्हा एकटी आदि निवास कुटी. गांधीजी, कस्तुरबा, सचिव प्यारेलाल, येणारे-जाणारे पाहुणे सगळे तिच्यातच राहत. खान अब्दुल गफार खानही तिथं राहिले. सुमारे महिनाभर महाराज त्या एका छपराखाली होते. आज आदि निवासात उभं राहिलं की पहिल्यांदा तिचा लहानपणा डोळ्यांत भरतो. इतक्या थोड्या जागेत पावसाळ्याच्या दिवसांत खंजेरी वाजली असेल तर ती साऱ्या कुटीला ऐकू गेली असणार. सगळ्यांनी एकत्र बसून प्रार्थना करायची ही सेवाग्रामची रीत, आणि पुढे महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळानं गावोगाव रुजवलेली सामुदायिक प्रार्थना, यांचं नातं मला तरी उघड वाटतं.

मग १९४२ साल आलं. १६ ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातलं आष्टी आणि चंद्रपूरकडचं चिमूर एकाच दिवशी पेटलं. आष्टीत पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघालेल्या लोकांवर गोळ्या चालल्या. त्या लोकांच्या ओठांवर तुकडोजींची भजनं होती. त्याच महिन्यात महाराजांना चंद्रपूरला अटक झाली. आधी नागपूर, मग रायपूरचा तुरुंग, आणि सुटका डिसेंबरात. भजन म्हणणाऱ्या माणसाला सरकारनं एवढं भ्यावं, यातच त्या भजनाची पोच कळते.

नंतरची वर्षंही रस्त्यावरच गेली. १९५५ मध्ये विश्वधर्म परिषदेसाठी ते जपानला गेले, तेव्हाही खंजेरी सोबत होती. त्याच वर्षी 'ग्रामगीता' आली. तिच्या एकेचाळीस अध्यायांत गावची सफाई आहे, श्रमदान आहे आणि स्त्रियांची स्थितीही आहे. पायांनी गावं पाहिलेल्या माणसाचाच हा ग्रंथ. ११ ऑक्टोबर १९६८ ला गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. तिथीनं ती अश्विन वद्य पंचमी, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर. त्या दिवशी मोझरीला लाखोंचा जमाव दोन मिनिटं नि:शब्द उभा असतो.

हे वाद्य पुढे अनेकांनी हाती घेतलं. अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीचे सत्यपाल महाराज एका वेळी सात खंजेऱ्या वाजवतात आणि हुंडा, व्यसन, अंधश्रद्धेवर बोलतात. पण परंपरेचा खरा भार वाहतात ती गावातली बिननावाची भजन मंडळं. दिवाळीनंतर स्पर्धा सुरू होतात. दिवसभर शेतात राबलेली माणसं संध्याकाळी 'छोटा हत्ती' टेम्पोत दाटीवाटीनं बसतात. मधे पेटी, तबला, पायाशी घोंगडी. आज देवळी, उद्या सेलू, परवा नदीपार. नंबर येतो तो पहाटे, आणि बक्षिसाच्या पाकिटातून गाडीभाडं गेलं की उरतं ते चहापाण्यापुरतं. महिलांची मंडळंही आता जोरात आहेत, त्यांची खंजेरी ऐकण्यासारखी असते.

त्या रात्री भजन संपल्यावर बापूंच्या घरी चहाला गेलो. त्यांच्या घरधनीण चुलीपुढे होत्या, शाल पांघरलेली, डोळे तांबारलेले. बापू भजनात असताना रानडुकरांपासून तूर राखायला जागलीवर त्याच होत्या. "दिवाळीपासून शिवरात्रीलोक हा मानूस घरी पाहुनाच असते," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. बापू खाली मान घालून खंजेरी फडक्यात बांधत होते. महाराजांना गावानं तुकडा दिला, त्यांच्या मागे संसार नव्हता. बापूंच्या मागे आहे, आणि तो दुसरं कुणीतरी रात्री जागून सांभाळतं, तेव्हाच खंजेरी वाजते. स्पर्धेच्या मंचावर या बाईंचं नाव कधी पुकारलं गेलेलं नाही. ते पुकारलं जावं असं मला मनापासून वाटतं.

बापूंसारख्या पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांना राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज मानधन योजनेत महिन्याला पाच हजार रुपये मिळतात. त्यासाठी कला जोपासल्याचे पुरावे जोडावे लागतात. बापूंच्या घरी भिंतीवर शिल्डं आहेत, कागद एकही नाही. वाचकांनो, तुमच्या गावात खंजेरीचं मंडळ असेल तर या हंगामात एक काम करा. कार्यक्रमाचा फोटो काढा, मागे तारीख, गाव आणि प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहा, वर्तमानपत्रात बातमी आली तर कात्रण जपा, आणि ते सगळं त्यांच्या घरी नेऊन द्या.